विहिरीची पातळी कोण मोजणार?

२२ नोव्हेंबर १९९१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या जनहित याचिकेवर एक निकाल दिला. चित्रपटगृहांनी पर्यावरणाविषयीच्या स्लाइड दाखवाव्यात, आकाशवाणी-दूरदर्शनने कार्यक्रम करावेत आणि शाळा-महाविद्यालयांत पर्यावरण हा सक्तीचा विषय असावा, असे न्यायालयाने सांगितले. स्लाइड आल्या आणि गेल्या. सक्तीच्या विषयाला मात्र प्रत्यक्षात उतरायला दहा वर्षांहून अधिक काळ लागला. न्यायालयाने पुन्हा कान पिळल्यावर विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवीसाठी सहा महिन्यांचा एक सामाईक अभ्यासक्रम आखला आणि त्यासाठी पुण्याच्या डॉ. एरक भरुचा यांनी पाठ्यपुस्तक लिहिले. तेव्हापासून बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. आणि इंजिनिअरिंगच्या कितीतरी पिढ्या या विषयाच्या परीक्षेतून पार पडल्या आहेत. एवढ्या मुलांनी एकाच वेळी एकच विषय शिकण्याचा असा प्रयोग जगात क्वचितच झाला असेल. त्यातून पदवीधरांच्या हाती काय उरले, हे विचारायची वेळ आता आली आहे.

मूळ अभ्यासक्रम पाहिला, तर आखणाऱ्यांना दोष देता येत नाही. पन्नास तासिका आणि आठ घटक होते. पहिल्या सात घटकांत नैसर्गिक संसाधने, परिसंस्था, जैवविविधता, प्रदूषण, सामाजिक प्रश्न, लोकसंख्या असा मजकूर होता. आठवा घटक होता क्षेत्रीय कामाचा. जवळची नदी, जंगल, गवताळ रान किंवा डोंगर पाहून नोंद करायची, जवळची एखादी प्रदूषित जागा पाहायची, नेहमीच्या वनस्पती, कीटक आणि पक्षी ओळखायचे, तळे किंवा डोंगरउतार यांसारख्या साध्या परिसंस्थेचा अभ्यास करायचा. परीक्षेत ७५ गुण लेखी आणि २५ गुण या कामाला. म्हणजे एक चतुर्थांश विषय वर्गाबाहेर शिकायचा होता. प्रत्यक्षात तो चतुर्थांश झेरॉक्सच्या दुकानात गेला. ‘ग्लोबल वॉर्मिंग : कारणे व उपाय’ या मथळ्याचे तेच ते प्रोजेक्ट मुखपृष्ठावरचे नाव आणि रोल नंबर बदलून दरवर्षी जमा होत राहिले. त्यातली आकडेवारी जगाची, छायाचित्रे ध्रुवीय अस्वलांची आणि उपाय ‘झाडे लावा’ हा. कॉलेजच्या मागच्या ओढ्याचे नावही त्यात कुठे नसे. माझे म्हणणे असे, की हा विषय खऱ्या अर्थाने त्या आठव्या घटकातच होता. आजूबाजूच्या एखाद्या नैसर्गिक संसाधनाचे वर्षानुवर्षे मोजमाप करणे आणि त्याचा हिशेब मांडणे हा पर्यावरणशिक्षणाचा पाया असायला हवा. बाकीचे सगळे त्या पायावर चढत जाते. पाया काढून घेतला, की व्याख्या आणि सुविचार एवढेच शिल्लक राहते.

असे का, हे भूजलाच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. महाराष्ट्राच्या ८० टक्क्यांहून अधिक भूभागाखाली बेसॉल्ट आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास थरावर थर साचत गेलेला हा लाव्हा. वर माती, मग मुरूम, त्याखाली विहीर खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो तुलनेने मऊ खडक आणि मग सुरुंगाशिवाय न फुटणारा काळा पाषाण. पाणी राहते ते मुरमात, खडकाच्या फटींत आणि दोन थरांच्या सांध्यांत. हा साठा फार थोडा असतो. शंभर घनमीटर खडकातून जेमतेम एक ते तीन घनमीटर पाणी आपल्या वजनाने सुटून विहिरीत येते. तापी-पूर्णेच्या गाळाच्या पट्ट्यात हेच प्रमाण कित्येक पटींनी जास्त भरते. शिवाय बेसॉल्टच्या फटी सगळीकडे सारख्या नसतात. ओढ्याच्या एका काठावरची सहा परस विहीर मे महिन्यातही उपसा सोसते आणि पलीकडच्या काठावरची दहा परस विहीर जानेवारीतच तळ दाखवते. ‘भूजल पातळी खालावत आहे’ हे पुस्तकातले वाक्य म्हणूनच खरे असूनही निरुपयोगी आहे. कुठली पातळी, कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्षाच्या तुलनेत आणि कोणत्या थरातली, हे सांगितल्याशिवाय त्यातून कोणताही निर्णय निघत नाही. आणि हे सांगू शकते ते त्या जागचे मोजमाप.

मोजमापाचे काम सोपे आहे, पण ढिसाळपणे करण्यासारखे नाही. विहिरीच्या कठड्यावर रंगाने एक कायमची खूण करायची आणि दर वेळी तिथूनच वजन बांधलेला टेप खाली सोडायचा. आलेल्या मापातून कठड्याची उंची वजा करायची, म्हणजे जमिनीपासून पाणी किती खोल आहे ते कळते. मोटार चालू असताना किंवा नुकतीच बंद झालेली असताना घेतलेले माप फसवे असते, कारण उपशाने खाली गेलेले पाणी अजून वर चढत असते. तेव्हा मोटार कधी बंद केली, माप किती वाजता घेतले, विहिरीत आडवे बोअर मारलेले आहेत का, शेजारच्या शेतात पाळी चालू आहे का, हे सगळे वहीत उतरले पाहिजे. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चार वेळा निरीक्षण विहिरींची पातळी घेते. ऑक्टोबरच्या पातळीची आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीशी तुलना करून पुढच्या उन्हाळ्यात टंचाई कुठे पडेल याचा अंदाज बांधला जातो. टँकरचे नियोजन त्यावर अवलंबून असते. मात्र या निरीक्षण विहिरी राज्यभरात साडेतीन-चार हजारच आहेत, म्हणजे सरासरी ८०-९० चौरस किलोमीटरला एक. आणि अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाच्या २०२१-२२च्या अहवालानुसार महाराष्ट्रात महाविद्यालये आहेत ४,६९२. प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या परिसरातल्या फक्त चार विहिरी दत्तक घेतल्या, तरी निरीक्षणाचे जाळे कितीतरी दाट होईल.

पण राज्याला माहिती मिळेल हा दुय्यम फायदा झाला. मुख्य फायदा विद्यार्थ्याच्या डोक्यात घडणाऱ्या बदलाचा आहे. एक साधा हिशेब करून पाहू. एक हजार हेक्टरचे गाव आणि ५०० मिलिमीटर पाऊस धरा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी दहा घनमीटर पाणी. तेव्हा गावाच्या शिवारात पडले ५० लाख घनमीटर. बेसॉल्टच्या भागात यातले दहा टक्क्यांच्या आसपास जमिनीत मुरते असे धरले, तर भूजलात जमा झाले पाच लाख घनमीटर. आता खर्चाची बाजू. गावची वस्ती दोन हजार आणि जलजीवन मिशनच्या निकषाप्रमाणे माणशी रोज ५५ लिटर पाणी. वर्षाला लागले सुमारे ४० हजार घनमीटर, म्हणजे जमेच्या आठ टक्के. पाटाने पाणी दिलेल्या उसाला हेक्टरी साधारण २० हजार घनमीटर लागतात. म्हणजे त्या गावाचे संपूर्ण वर्षाचे भूजल २५ हेक्टर उसात संपते आणि साऱ्या गावाची तहान भागवणारे पाणी अवघ्या दोन हेक्टर उसाएवढे असते. हे आकडे गावागणिक बदलतील, म्हणूनच ते प्रत्यक्ष मोजायला हवेत. पण बी.कॉम.च्या मुलानेही हा ताळेबंद एकदा स्वतः मांडला, की मे महिन्यातली टंचाई पावसाने आणली की पीकपद्धतीने, हा प्रश्न त्याला कोणी शिकवावा लागत नाही. ‘पाणी वाचवा’ या घोषणेने दात घासताना नळ बंद करणारा नागरिक घडतो. ताळेबंदातून ग्रामसभेत प्रश्न विचारणारा नागरिक घडतो.

असे शिक्षण शक्य आहे याचे पुरावे महाराष्ट्रातच आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारमध्ये पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो आणि त्या वर्षी कोणती पिके घ्यायची ते त्यावरून ठरते. सिंचनासाठी बोअर घ्यायचे नाही, हा नियम गावाने स्वतःवर घालून घेतला आहे. पर्जन्यमापक आणि विहिरींच्या नोंदी नसत्या, तर हा नियम पोपटराव पवारांसारख्या सरपंचालाही केवळ आग्रहावर टिकवता आला नसता. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने अनेक वर्षे अभ्यासगट चालवून आपल्या जंगलाची माहिती गोळा केली, त्यावर चर्चा केली आणि २००९मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. अभ्यासाशिवाय हक्क मागता येतो, पण चालवता येत नाही, हे त्या गावाला आधीच उमगले होते. महाविद्यालयीन पातळीवर आयआयटी मुंबईच्या ‘सितारा’ या ग्रामीण तंत्रज्ञान केंद्रातले विद्यार्थी कर्जत-मोखाड्यासारख्या भागांत टँकरवर जगणाऱ्या वाड्यांच्या आणि नळयोजनांच्या अडचणींचा अभ्यास करत आले आहेत. त्याच विचाराने राज्य सरकारने २०१६मध्ये ‘उन्नत महाराष्ट्र अभियान’ सुरू केले. जिल्ह्याचे प्रश्न त्या जिल्ह्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी सोडवायला घ्यावेत, ही त्यामागची कल्पना. शालेय पातळीवरही हा विचार जुना आहे. २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यासाठी माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या गटाने सुचवले होते, की विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून गोळा होणारी परिसराची माहिती सर्वांना पाहता येईल अशा माहितीकोशात साठवावी. सूचना चांगली होती. ती रुजवण्याचे काम राहून गेले.

यावर पहिला आक्षेप येतो तो विश्वासार्हतेचा. एकोणीस वर्षांच्या मुलांनी, तेही गुणांसाठी, घेतलेल्या मापांवर कोण विसंबणार? शंका रास्त आहे. काही मुले वसतिगृहात बसूनच आकडे भरतील, हेही मान्य करावे लागेल. पण माहितीचा दर्जा मोजणाऱ्याच्या पदवीपेक्षा पद्धतीवर अधिक ठरतो. ठरलेली खूण, ठरलेली तारीख, दोन गटांनी स्वतंत्रपणे घेतलेली मापे आणि वर्षानुवर्षांची सलग मालिका असली, की बनावट आकडा आपोआप उघडा पडतो. ऑक्टोबरात सगळ्या विहिरी वर असताना एकीचीच पातळी खाली दिसली, तर एक तर तिथे काही विशेष घडले आहे किंवा कोणी खोटे लिहिले आहे, आणि दोन्ही गोष्टी शोधण्यासारख्या आहेत. हौशी लोकांच्या नोंदींतून काय उभे राहू शकते ते पक्षिनिरीक्षकांनी दाखवून दिले आहे. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेला भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल ३० हजारांहून अधिक निरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदींवर उभा आहे. त्यातून ९४२ जातींविषयी काही ना काही सांगता आले. एकेका नोंदीत चूक असू शकते. तीन कोटी नोंदींतून दिसणारा कल मात्र झटकून टाकता येत नाही.

दुसरा आक्षेप प्राध्यापकांचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. बहुतेक महाविद्यालयांत या विषयाला स्वतंत्र शिक्षक नसतो. ज्याचा कार्यभार कमी भरतो त्याच्या गळ्यात तो पडतो, मग तो भूगोलाचा असो, मराठीचा असो की वाणिज्याचा. त्यांनी शिवारात मुले न्यायची कशी आणि कशासाठी? पण परिसरातले संसाधन हा अभ्यासाचा केंद्रबिंदू मानला, तर हीच अडचण जमेची बाजू ठरू शकते. विहिरीची पातळी विज्ञानाच्या मुलांनी घ्यावी. उपशाच्या विजेचा खर्च, उसाचा आणि ज्वारीचा हेक्टरी हिशेब, टँकरवर होणारा खर्च हे वाणिज्याच्या मुलांचे काम. पाण्याच्या पाळ्या पूर्वी कशा ठरत, कोणत्या वस्तीला कोणत्या विहिरीवर भरू दिले जात नसे, पाणाड्यावर लोक अजूनही का विसंबतात, हे समाजशास्त्र-इतिहासाच्या मुलांनी शोधावे. कायद्याचा विद्यार्थी विचारेल, की २००९च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध घातलेले असताना आपल्या तालुक्यात शे-दोनशे मीटरची बोअर कशी होतात. पर्यावरण हा विषय सर्व शाखांना सामाईक ठेवण्यामागचा हेतू असाच काहीसा होता. सगळ्यांना एकच धडा पाठ करायला लावून आपण तो हेतू हरवला.

तिसरा प्रश्न पालकांचा असतो : याने नोकरी लागेल का? पर्यावरणशास्त्राची पदवी किंवा दापोली-अकोल्याच्या कृषी विद्यापीठांतली वनशास्त्राची पदवी घेणाऱ्यांना हा प्रश्न अधिक बोचतो. वनसेवा, प्रदूषण नियंत्रण मंडळ, पाणलोट प्रकल्प, कारखान्यांचे पर्यावरण विभाग, पर्यावरणीय आघात मूल्यांकन करणाऱ्या सल्लागार संस्था ही नेहमीची दारे आहेत, पण ती अरुंद आहेत, हे कबूल करायला हवे. अलीकडे एक दार थोडे रुंदावले आहे. शेअर बाजारात नोंदलेल्या पहिल्या एक हजार कंपन्यांना २०२२-२३पासून पाणी, ऊर्जा, कचरा आणि उत्सर्जन यांचा तपशीलवार अहवाल देणे सेबीने बंधनकारक केले आहे. पण यांतल्या कोणत्याही दाराशी उभ्या असलेल्या उमेदवाराला परिसंस्थेची व्याख्या कोणी विचारत नाही. त्याला नमुना घेता येतो का, आकड्यातली चूक ओळखता येते का, अहवाल वाचून त्यातले छिद्र दाखवता येते का, हे पाहिले जाते. म्हणजे मोजमापाचे शिक्षण नोकरीच्या आड येत नाही. नोकरीसाठी जे कौशल्य लागते, ते याच शिक्षणातून मिळते.

काहींना वाटते, की हवामान बदलासारखा जागतिक प्रश्न दारात उभा असताना विहीर आणि ओढा धरून बसणे हा कूपमंडूकपणा आहे. पण हवामान बदल महाराष्ट्रात येतो तो पावसाच्या दिवसांतल्या फरकाने, लांबलेल्या उघडिपीने आणि चार तासांत कोसळणाऱ्या सरीने. चार तासांत पडलेले शंभर मिलिमीटर आणि दहा दिवसांत पडलेले शंभर मिलिमीटर पर्जन्यमापकात सारखेच दिसतात, जमिनीत मात्र सारखे मुरत नाहीत. वीस वर्षांची स्थानिक मालिका हाती असलेला विद्यार्थी हा फरक आपल्या आकड्यांत शोधू शकतो आणि जागतिक अहवालातले विधान आपल्या तालुक्यात किती लागू पडते ते तपासू शकतो. मालिका नसलेल्याला त्या विधानावर विश्वास ठेवावा लागतो किंवा अविश्वास दाखवावा लागतो. दोन्हींत अभ्यास नाही.

सर्वांत अवघड आक्षेप सहसा उघडपणे कोणी घेत नाही. खरे मोजमाप कोणाच्या तरी हितसंबंधांना धक्का देते. नदीपात्राची खोली दरवर्षी मोजली, तर वाळूचा उपसा आकड्यांत दिसतो. ओढ्याच्या पाण्याचा सामू नोंदवला, तर वरच्या अंगाचा कारखाना दिसतो. संस्थाचालकांचे आणि कारखानदारांचे संबंध तालुक्यात कोणाला ठाऊक नसतात? अशा ठिकाणी एकट्या प्राध्यापकाने आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी धैर्य दाखवावे, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. तरी दोन गोष्टी करता येतात. मोजमाप हे आंदोलन नाही, हे आधी स्पष्ट ठेवायचे. आकडे नियमाने, सगळ्या जागांचे, कोणावर बोट न ठेवता प्रसिद्ध करायचे. आणि हे काम एका कॉलेजचे न ठेवता विद्यापीठाच्या पातळीवर, सर्व महाविद्यालयांना सारख्या नमुन्यात द्यायचे, म्हणजे कोणी एकटा उघडा पडत नाही. याचा उपयोग लोकशाहीच्या एका ठरलेल्या प्रक्रियेतही आहे. २००६च्या अधिसूचनेनुसार बहुतेक मोठ्या प्रकल्पांसाठी जनसुनावणी घ्यावी लागते आणि आघात अहवालाचा गोषवारा स्थानिक भाषेत उपलब्ध करून द्यावा लागतो. सुनावणीला लोक जमतात, भाषणे होतात, घोषणा होतात. ‘अहवालात या ओढ्याला जानेवारीनंतर पाणी नसते असे लिहिले आहे, आमच्या बारा वर्षांच्या नोंदींत ते मार्चपर्यंत आहे’ असे म्हणणारा एक पदवीधर तिथे असला, तर इतिवृत्तात त्याचे म्हणणे घोषणेपेक्षा वेगळ्या प्रकारे नोंदले जाते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३मध्ये पदवीच्या पर्यावरणशिक्षणासाठी नवा आराखडा दिला असून त्यात क्षेत्रीय कामाला जागा आहे. जागा १९९१च्या निकालानंतर आलेल्या पहिल्या अभ्यासक्रमातही होती, तेव्हा केवळ जागा असून भागणार नाही. बदलायला हव्यात त्या तीन साध्या गोष्टी. प्रत्येक महाविद्यालयाने दोन-तीन जागा कायमच्या ठरवाव्यात, विहीर, ओढा, टेकडी किंवा शहरात असेल तर नाला आणि कचऱ्याचे वजन. एका तुकडीची वही पुढच्या तुकडीने पुढे चालवावी, म्हणजे दरवर्षी कोरे प्रोजेक्ट जमा होण्याऐवजी एकच नोंद वाढत जाईल. आणि परीक्षा बदलावी, कारण आपल्याकडे परीक्षेत जे विचारले जात नाही ते शिकवले जात नाही. ‘आपल्या महाविद्यालयाच्या नोंदींतल्या मागील पाच वर्षांच्या ऑक्टोबर पातळीची तुलना करा आणि यंदाच्या फरकाची दोन संभाव्य कारणे पुराव्यासह लिहा’ असा प्रश्न लेखी परीक्षेत सक्तीचा असावा. त्याचे उत्तर कोणत्याही गाइडमध्ये छापता येणार नाही, एका गावचे उत्तर दुसऱ्या गावात चालणार नाही आणि तपासणाऱ्यालाही वही उघडावी लागेल.